एका राऊटरवर दोघं

“हात काढा तुमचा!”

“आधी तुम्ही काढा!”

दोघांचे हात एकाच राऊटरवर होते. राऊटर तळमजल्यावर, घरमालकीण दोन्या क्रुसिताच्या काचेच्या कपाटावर होता आणि धूळ बसू नये म्हणून म्हातारीनं त्याला क्रोशाची पांढरी टोपी विणून घातली होती. योकास्ता मधल्या मजल्यावरून धावत उतरली होती, गळ्यात हेडफोन, पायात एकच चप्पल. आणि हा दुसरा... हा कोण? वर इस्त्रीचा शर्ट, टाय, आणि कमरेखाली फुलाफुलांची अर्धी चड्डी!

“मी बंद करून चालू करणारे,” तो म्हणाला.

“खबरदार! सकाळपासून दोनदा केलंय. तिसऱ्यांदा केलंत तर तुम्हालाच बंद करीन.”

“आणि चालू कोण करणार, राणी?”

सांतियागो शहरात बसचा कंडक्टर, भाजीवाला, दात काढणारा डॉक्टर, सगळेच समोरच्या बाईला राणी म्हणतात. त्यात विरघळण्यासारखं काही नाही. तरी योकास्ताचे कान गरम झाले. तिला स्वतःचाच राग आला आणि तो तिनं त्याच्यावर काढला.

“राणी-बिणी म्हणायचं नाही. कोण तुम्ही?”

“रादामेस. वरच्या खोलीत. रविवारी राहायला आलो.”

“अरे, दोघंही हात काढा आधी!” दोन्या क्रुसिता स्वयंपाकघरातून ओरडली. “ताप आलाय का त्याला, कपाळ चाचपताय ते?”

दोघांनी हात काढले. दोघांची बोटं एकमेकांना घासली... जरा उगीचच, जरा जास्त वेळ. राऊटरवरचे सगळे दिवे हिरवे होते. हेच तर दुखणं होतं! दिवे हिरवे, संगणकावर ‘जोडलेले आहात’ असं हिरव्या अक्षरात, आणि तरी काही उघडत नव्हतं. कंपनीच्या आत शिरायचा तो बोगदा, व्हीपीएन म्हणतात त्याला, तो लावला की इंटरनेट मेलं. काढला की जिवंत. लावलेला असताना उद्याचं हवामानसुद्धा दिसेना.

“इन्व्हर्टर,” रादामेस म्हणाला.

“वीज,” योकास्ता म्हणाली.

“माझ्या कुकरला दोष द्यायचा नाही,” दोन्या क्रुसिता म्हणाली, कुणी दिलेला नसताना.

या देशात काहीही बिघडलं की माणूस आधी विजेला शिव्या घालतो. चूक नाही त्याची, वीज तशीच आहे. पण या सवयीपायी या दोघांनी एक अख्खा दिवस फुकट घालवला, हेही खरं.

योकास्ताला दिवस फुकट घालवणं परवडणारं नव्हतं. न्यूयॉर्कमधल्या स्पॅनिश बोलणाऱ्या म्हाताऱ्यांना डॉक्टरच्या वेळा देण्याचं तिचं काम. घरी बसून, कानाला हेडफोन लावून, आठ तास. तीन महिने उमेदवारीवर, आणि उमेदवारी या शुक्रवारी संपत होती. कंपनीचा नियम असा की शेवटच्या आठवड्यात पाच वेळा लाइन तुटली की नारळ. कारण कुणी विचारणार नाही. मंगळवारी दुपारपर्यंत तिची तीन वेळा तुटली होती. नोकरी गेली की ही खोली गेली. खोली गेली की परत मोका गावाला, मामाच्या घरी. तिथं मामीला विचारल्याशिवाय खिडकी उघडता येत नाही, आणि बाहेरून आलं की मामी आधी कपडे, मग पाय आणि मग चपला न्याहाळते. चोवीस वर्षांची झाल्यावर योकास्ताला पहिल्यांदा स्वतःच्या दाराला आतून कडी लावता आली होती. ती कडी तिला सोडायची नव्हती. बस, एवढंच.

मदत-कक्षाला तिनं तीनदा फोन केला. तिथं वेलिंग्टन नावाचा साहेब होता. त्याच्यापुढं एक कागद असावा आणि कागदाखाली डोकं नसावं.

“संगणक बंद करून चालू केलात?”

“केला.”

“राऊटर?”

“केला.”

“घरात वीज आहे का?”

“नाही साहेब, मी मेणबत्तीवर फोन करतेय!”

वेलिंग्टननं ‘ग्राहक उद्धट’ असं कुठंतरी लिहिलं असणार. लिहू दे.

*

बुधवारी सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांनी चौथ्यांदा तुटलं. एक आजी आपल्या मोतीबिंदूबद्दल सांगत होत्या आणि अर्ध्या शब्दात गायब झाल्या. योकास्ता टेबलावर डोकं टेकून बसली. आता एकच उरलं. छतावरची पाण्याची टाकी भरून वाहत होती, खिडकीबाहेर थेंबांची झालर लागली होती, खालून तळलेल्या चीजचा वास येत होता, आणि... आणि वरून एक सूर ऐकू येत होता.

तिनं मान वर केली.

टिंग-टिंग, टूंऽऽ. टिंग-टिंग, टूंऽऽ. ‘आपण रांगेत आहात’चा तो रडका सूर! जगात कुणी हा सूर आवडीनं ऐकणार नाही. तो ऐकायचा एकच मार्ग होता, तिच्याच कंपनीच्या मदत-कक्षाला फोन लावणं.

ती जिना तीन उड्यांत चढली आणि दार ठोठावलं.

“तू कुठं काम करतोस?”

रादामेसनं दार उघडलं. आजचा टाय पिवळा, चड्डी तीच. “सांगता येत नाही. करारात लिहिलंय, कंपनीचं नाव तोंडातून काढायचं नाही.”

“माझ्याही करारात लिहिलंय.”

 खिडकीबाहेरच्या कठड्यावर ठेवलेल्या त्याच्या फोनमधून टिंग-टिंग, टूंऽऽ चाललंच होतं.

“वेलिंग्टन?” ती हळूच म्हणाली.

“‘घरात वीज आहे का?’” तो तितक्याच हळू म्हणाला.

आणि मग दोघांना असं हसू फुटलं की योकास्ताला दाराची चौकट धरावी लागली. कसला करार, कसलं काय! एका घरात, एकावर एक, एकाच मालकाची दोन माणसं मरमर राबत होती आणि मालकाच्या भीतीनं एकमेकांना ओळखत नव्हती.

“कधी तुटलं तुझं?” त्यानं विचारलं.

तिनं हातावर पेनानं लिहून ठेवलं होतं. त्यानं तिचा हात धरून उजेडाकडं वळवला आणि आपली वही शेजारी उघडली. विम्याचे दावे तपासून गठ्ठ्यानं पाठवायचं त्याचं काम. कधी बोगदा लावला, कधी पाठवणं अर्ध्यात मेलं, सगळं मिनिटासकट लिहिलेलं.

“सोमवारी दहा वाजून पाच,” तो वाचत गेला. “मी जोडलो.”

“दहा पाचला माझी तुटली.”

“मंगळवारी अकरा चाळीस. मी जोडलो...”

“अकरा चाळीस,” ती तिच्या मनगटावर बघत म्हणाली. “आणि बारा वाजता मी परत जोडले.”

“बारा वाजता माझा गठ्ठा मेला!” त्यानं वही मिटली. “म्हणजे मी चढलो की तू पडतेस. तू चढलीस की मी.”

“वीज नाही.”

“इन्व्हर्टर नाही.”

“कुकर नाही...” ती म्हणाली. “तू आहेस!”

“इतकं मनापासून मला आजवर कुणी दोषी ठरवलं नव्हतं.”

त्यानं खुर्ची ओढून तिला बसवलं आणि सांगितलं. समज, कंपनीच्या फाटकावर एक पहारेकरी आहे. आपण दोघं एकाच राऊटरमधून, म्हणजे एकाच घराच्या दारातून जातो. पहारेकऱ्याला माणसाचं तोंड दिसत नाही, फक्त घराचा नंबर दिसतो. तुझं सामान तो त्या नंबरवर देत असतो. मी गेलो की तोच नंबर. त्याला वाटतं हीच बाई परत आली. मग तो सगळं माझ्या हातात कोंबायला लागतो. तू बिचारी फाटकावर उभी, हातात हिरवा बिल्ला, आणि कुणी विचारत नाही. आणि कंपनीचा नियम असा की बोगदा लावल्यावर साधं इंटरनेटही त्यातूनच जायचं. म्हणून हवामानही बंद.

“म्हणजे पहारेकरी मूर्ख,” योकास्ता म्हणाली.

“मूर्ख नाही, जुना आहे. बदलायला कुणाला सवड नाही.”

“माझा हात सोड आता.”

“अजून वाचतोय...” तो म्हणाला. पण वाचण्यासारखं तिथं काहीच उरलं नव्हतं.

*

मोबाइलच्या नेटवर काम करावं तर त्या जाड भिंतींत मोबाइलला एक काडी यायची, तीही खिडकीबाहेर हात लांबवल्यावर. दुसरी खोली शोधावी तर आठवडा मध्यावर. मग योकास्तानं तोड काढली. कंपनी तिला दर दोन तासांनी दहा मिनिटं सोडायची, नैसर्गिक विधीसाठी. इतकी दिलदार कंपनी! त्या दहा मिनिटांत ती बोगदा काढणार, रादामेस लावणार आणि जमेल तेवढे कागद लोटून बाहेर पडणार.

कामाच्या वेळी फोन खणात ठेवायचा असा नियम होता आणि कॅमेरा कधी उघडेल नेम नसायचा. म्हणून तिनं झाडू हाताशी घेतला. छतावर एक ठोका म्हणजे ‘जा’. वरून दोन ठोके म्हणजे ‘झालं’.

गुरुवारी साडेदहा वाजता तिनं पहिला ठोका दिला आणि घड्याळाकडं बघत बसली. नऊ मिनिटं. वर खुर्ची सरकली, काहीतरी पडलं, शिवी ऐकू आली. मग टक-टक! ती परत जोडली, हिरवं झालं, पहिल्याच फोनवर एका काकांना तिनं इतक्या आनंदानं नमस्कार केला की काका गोंधळले.

पोरींनो, पुरुषासाठी ताजमहाल बांधणाऱ्या कुणी पाहिल्यात का? नाही ना? पण एका दिवसात चार वेळा आपली लघवीची सुट्टी एका पुरुषाला देणारी बाई त्या घराच्या मधल्या मजल्यावर बसली होती, गुडघे आवळून. याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा.

संध्याकाळी तो कॉफी घेऊन आला. इवल्या कपात, काळी, साखर भरपूर.

“कॉफी नको,” ती किंचाळली. “तुला कळत नाही का, मी पाणीसुद्धा पीत नाहीये!”

त्याला कळायला दोन क्षण लागले. मग त्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. “योकास्ता... हे मला सुचलंच नाही.”

“पुरुषांना सुचत नाही.”

“उद्या मी तुझ्या सुट्ट्या घेणार नाही.”

“उद्या शुक्रवार. तीन वाजेपर्यंत तुझा गठ्ठा गेला नाही तर?”

“तर पुढचा गठ्ठा दुसऱ्याला देतात. माझं नाव यादीतून खाली जातं.” त्यानं खांदे उडवले, पण ते नीट उडाले नाहीत. “थोडेच कागद उरलेत. एकदा दहा मिनिटं मिळाली तरी पुरे.”

“अडीचची सुट्टी तुझी,” ती म्हणाली. “आणि ती कॉफी इकडं दे. पाच वाजून गेलेत. आता माझं पोट माझं आहे.”

तो दारात उभा राहून तिला पिताना बघत राहिला. ती म्हणाली, काय बघतोस. तो म्हणाला, काही नाही... आणि ‘राणी’ म्हणायचं विसरला. ते न म्हणणं तिच्या अंगावर काटा आणून गेलं.

*

शुक्रवारी दोन वाजून एकोणतीस मिनिटांनी योकास्तानं झाडू उचलला. पडद्यावर सुट्टीचं बटण राखाडी झालं. ‘फोनची गर्दी. सुट्टी स्थगित.’ तेवढ्यात हेडफोनमध्ये पुढचा फोन कोसळला.

दोन पस्तीस. दोन पंचेचाळीस. ती एका बाईला मधुमेहाची तारीख देत होती आणि डोळे छताला लागले होते. वर तो चालत होता. दारापर्यंत, खिडकीपर्यंत, परत दारापर्यंत. त्यानं जोडलं असतं तर त्याचा गठ्ठा गेला असता आणि तिची पाचवी तुटली असती. तिला प्रत्येक क्षणाला वाटत होतं, आता. आता बाईचा आवाज तुटणार... कुणीही केलं असतं! चार दिवसांच्या ओळखीसाठी कोण स्वतःचं नाव खोडून घेतं?

तीन वाजले. वरची पावलं थांबली. बाईचा आवाज तुटला नाही.

तीन वाजून सहा मिनिटांनी सुट्टीचं बटण हिरवं झालं. योकास्ता वर गेली ती भांडायलाच.

“का नाही जोडलंस?”

तो पलंगाच्या कडेला बसला होता, टाय सैल. “ठोका नाही आला.”

“मूर्ख!”

“ठोका नाही आला तर नाही जोडायचं, असं ठरलं होतं.”

“तुझं नाव गेलं ना खाली!”

“तुझी कडी राहिली ना,” तो म्हणाला. मोकाच्या मामीची गोष्ट तिनं कॉफी पिताना सांगितली होती. ऐकतोय असं वाटलं नव्हतं तेव्हा.

योकास्ताला रडू येणार होतं. पण तिला रडण्यापेक्षा चिडणं जास्त चांगलं जमत होतं. तिनं त्याचा फोन उचलला, स्पीकर चालू केला, खिडकीबाहेर हात काढला आणि मदत-कक्षाला लावला.

“वेलिंग्टन साहेब? कागद बाजूला ठेवा. मी वाचते, तुम्ही ऐका.” आणि तिनं वहीतल्या सगळ्या वेळा, मिनिटासकट, त्याच्या कानात ओतल्या. “दोन माणसं, एक राऊटर, तुमचा एक जुना पहारेकरी. पाच दिवस तुम्ही मला वीज आहे का विचारताय!”

पलीकडं कागद सरकला. मग, “एकाच घरात दोघं? हे आधी सांगायचं ना, बाई. त्याला दुसरी वाट आहे. सेटिंग बदलावी लागते.”

“आहे? मग दिली का नाही?”

“मागणाऱ्याला देतो.”

“जी वाट आहे हेच माहीत नाही, ती माणूस मागणार कशी?” ती इतकी ओरडली की समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई थांबली. “पाठवा आत्ताच्या आत्ता. दोघांना. आणि याच्या गठ्ठ्याला चार वाजेपर्यंत मुदत.”

“ते माझ्या हातात नाही.”

“मग ज्याच्या हातात आहे त्याला फोन द्या. मी खिडकीत उभी आहे, मला वेळच वेळ आहे.”

वेळ अजिबात नव्हता. पण वेलिंग्टनला ते माहीत नव्हतं. मुदत मिळाली, सेटिंग बसेपर्यंत तिची सुट्टीही वाढली, पण तोवर दोघांनीही जोडायचं नाही. तुटलेल्या चार मात्र पुसता येणार नाहीत, तो म्हणाला, त्या नोंदल्या गेल्या. पाचवी ती पाचवीच.

साडेतीनला दोघं त्याच्या एकुलत्या एका टेबलापाशी शेजारी शेजारी बसले, दोन संगणक, चार कोपरं, एक पंखा. नवी सेटिंग बसली. योकास्ता जोडली. हिरवं. आणि त्याच क्षणी तिच्या कानात फोन आला. चाचणीला फुरसत कोण देतंय!

“नमस्कार, बोला आजोबा.”

“वीस मिनिटं रांगेत आहे मी, बाई,” न्यूयॉर्कहून एक खरखरीत आवाज. “गुडघा दाखवायचाय.”

तीन वाजून पन्नास. रादामेसचं बोट बटणावर होतं आणि हलत नव्हतं. त्यानं मान हलवली. नाही. वहीवर लिहिलं, “तुटलं तर?” तिनं त्याच्याकडं पाहिलं. मग त्याच्या हातावर आपला हात ठेवला आणि त्याचं बोट स्वतःच दाबलं.

त्याच्या पडद्यावर गोल फिरायला लागलं. तिच्या कानातला आवाज गेला.

एक... दोन...

तिनं त्याचा हात आवळला. तीन...

“हॅलो? बाई? डाव्या कानानं ऐकू येत नाही, फोन उजव्या कानाला लावत होतो,” आजोबा म्हणाले. “हं. आता.”

हिरवं. दोन्ही पडदे हिरवे! त्याचे कागद एकामागून एक निघाले, पक्ष्यांसारखे. तिला ओरडायचं होतं, टेबलावर नाचायचं होतं, आणि करायचं काय, तर म्हणायचं होतं, “मंगळवारी साडेदहा चालेल का?” तिनं तेच म्हटलं. तिचा हात अजून त्याच्या हातावर होता. आता दाबायला काहीच नव्हतं, तरी होता.

सोमवारी नोकरी पक्की झाल्याचं पत्र आलं, चार ओळींचं, तिचं नाव चुकवून. पण ते नंतर. त्या वेळी तिला एवढंच कळत होतं की रादामेस तिच्याकडं वळलाय, त्याला धीर धरवत नाहीये, आणि ती बोलू शकत नाही म्हणूनच त्याला बोलायचंय.

“योकास्ता,” तो म्हणाला. हळू नाही. नीट. “मला तू आवडतेस. काम आहे तुझं, माहितीये. उत्तर नको देऊस. फक्त... सांगून ठेवतोय.”

 सगळे फोन ध्वनिमुद्रित होतात, हे तिला माहीत होतं. कुणीतरी, कधीतरी, कागद पुढं ठेवून हे ऐकणार होतं.

“बाई,” आजोबा म्हणाले, “कोण बोललं ते?”

“शेजारी राहतो, आजोबा. माफ करा. तर मंगळवारी...”

“मंगळवार कुठं पळून जात नाही. तो उत्तर नको म्हणाला, ते खोटं आहे. द्या त्याला. तुमच्या कंपनीनं मला वीस मिनिटं थांबवलं, मी तुम्हाला एक मिनिट देतो.”

योकास्तानं आवाज बंद करायचं बटण शोधलं नाही. तिनं मायक्रोफोन जिथं होता तिथंच ठेवला, ओठांसमोर, आणि रादामेसकडं तोंड केलं.

“मलाही तू आवडतोस. तीन वाजल्यापासून तर फारच. पाच वाजता कॉफी करून ठेव, मी उतरून खाली जाणार नाही. आणि आता गप्प बस, मी कामावर आहे.”

त्यानं तिच्या बोटांत बोटं गुंफली. पलीकडून म्हातारा समाधानानं घसा साफ करताना ऐकू आला.

“हं,” तो म्हणाला, “आता लिहा. उजवा गुडघा.”